घरची रेंज आणि वाटेवरची रेंज: दोन्हींचं मोजमाप वेगळं का करावं लागतं

घरात ज्या सिमचं नेट सुसाट पळतं तेच घाटात मान टाकतं, आणि घरी ज्याला नावं ठेवली जातात ते गावाकडच्या फाट्यावर एकटंच टिकून राहतं. यात नशिबाचा भाग फार थोडा. घरी प्रश्न असतो तो लहरी भिंतींतून किती आत पोचतात याचा, आणि रात्री साडेनऊला त्याच टॉवरवर आणखी किती घरं लटकलेली असतात याचा. वाटेवर प्रश्न सलगतेचा: एका टॉवरची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होईपर्यंत किती मिनिटं कोरडी जातात? म्हणून ‘कुठली कंपनी चांगली’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घरासाठी की वाटेसाठी? दोन्हींसाठी मोजायच्या गोष्टीच वेगळ्या आहेत.

आधी दांड्या विसरायच्या. फोनच्या कोपऱ्यातल्या चार-पाच दांड्या प्रत्येक फोन बनवणारा आपल्या हिशोबाने काढतो, त्यामुळे एका फोनवर तीन दिसतात तिथे दुसऱ्यावर दोन. खरा आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’, त्यात ‘सिग्नल स्ट्रेंथ’. तिथे ‘-९७ डीबीएम ४३ एएसयू’ असं काहीतरी दिसेल. हे दोन आकडे एकच गोष्ट सांगतात: टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती ताकदीने पोचतोय. ४जीवर डीबीएममध्ये १४० मिळवले की एएसयू येतं. डायलरवर *#*#४६३६#*#* दाबलं तर बऱ्याच फोनांवर हीच माहिती जास्त तपशिलाने उघडते. आयफोनवर *३००१#१२३४५#* हा नंबर लावायचा, की फील्ड टेस्टचा पडदा येतो. त्यात आरएसआरपी नावाची ओळ शोधा, तोच ताकदीचा आकडा.

डीबीएमचा हा आकडा उणे असतो, म्हणजे शून्याकडे जितका जवळ तितका बरा. -८० च्या वर उत्तम. -९५ पर्यंत कसलीच तक्रार नको. -१०५ पर्यंत काम भागतं. -११० च्या खाली गेलं की व्हिडिओ अडखळतो, फोटो ‘पाठवतोय’ म्हणत बसतो, आणि -१२० च्या आसपास फोन केव्हाही हात सोडतो. आकडा ३ ने, म्हणजे ३ डीबीने, उतरला की ताकद निम्मी होते आणि १० डीबीला दहावा भाग उरतो. म्हणजे -९० आणि -११० यांत ‘वीसचा फरक’ दिसला तरी प्रत्यक्षात ताकद शंभर पटीने कमी झालेली असते.

पण नुसत्या ताकदीवरही विसंबू नये. त्याच पडद्यावर एसआयएनआर किंवा एसएनआर नावाचा दुसरा आकडा असतो. जत्रेत शेजारचा माणूस कितीही मोठ्याने बोलला तरी भोवतीचा गलका त्याहून मोठा असेल तर शब्द कळत नाहीत. आपल्या टॉवरचा आवाज त्या गलक्याच्या किती वर आहे, ते हा आकडा सांगतो. २० च्या वर असेल तर छान, १० च्या आसपास ठीक, शून्याखाली गेला तर दांड्या भरलेल्या असूनही पान उघडत नाही. उंच इमारतींत वरच्या मजल्यांवर हे हमखास होतं. चौदाव्या मजल्यावरून चारी दिशांचे टॉवर दिसतात, ते एकाच फ्रिक्वेन्सीवर एकमेकांत मिसळतात, आणि फोनला कुणाचं ऐकावं कळेनासं होतं. टॉवरच्या अँटेना मुळात थोड्या खाली झुकवलेल्या असतात, रस्त्यावरच्या आणि खालच्या मजल्यांवरच्या माणसांसाठी. म्हणून त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नेट धावतं आणि चौदाव्यावर रखडतं, तर त्यात वरच्या घराच्या फोनचा काही दोष नाही.

आता भिंती. घरातल्या नेटचा निम्मा हिशोब इथेच होतो. मोबाइलच्या जागतिक मानकांत भिंतीतून होणारी घट काढायला एक साधं सूत्र वापरतात: काँक्रीटसाठी ५ अधिक गिगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीची चौपट, उत्तर डीबीमध्ये. ८५० मेगाहर्ट्झला एका भिंतीत साधारण ८ डीबी जातात, १८०० ला १२, २३०० ला १४ आणि ५जीच्या ३५०० ला १९. बाहेर गॅलरीत दोन्ही सिम -९० दाखवत असतील, तर दोन भिंती ओलांडून आतल्या खोलीत ८५० वालं -१०७ वर येतं आणि ३५०० वालं -१२८ वर, म्हणजे जवळजवळ संपलंच. साध्या काचेतून २-३ डीबीच जातात. पण उष्णता परतवणारा धातूचा पातळ थर असलेली काच फ्रिक्वेन्सी कुठलीही असो, २३-२४ डीबी खाऊन टाकते. नव्या उंच इमारतींमध्ये पूर्ण भिंतभर काच असूनही आत रेंज नसते ती यामुळे. कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतीही माजघरात नेट येऊ देत नाहीत. वर पत्रा असेल तर छपरातून काहीच येत नाही. जे येतं ते दारा-खिडक्यांतून.

म्हणून आपलं सिम कुठल्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या कुठल्या पट्ट्यावर, बसलंय हे बघणं फार महत्त्वाचं. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडिया यांची मदार १८०० आणि २१०० वर जास्त. त्यांच्याकडे जोडीला खालचा ९०० वगैरेचा पट्टा असतो, आणि गर्दीच्या जागी २३०० किंवा २५०० चा. सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेच्या विभागाप्रमाणे, यात फरक पडतो. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला औपचारिकरीत्या सुरू झालं. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ महत्त्वाचा, आणि जुन्या बऱ्याच फोनांत तो नसतो. सिम नवं घेतलं तरी फोन तोच, म्हणून ‘बीएसएनएलला रेंजच नाही’ असं वाटतं; आधी फोनच्या माहितीपत्रकात बँड २८ आहे का ते बघा. परदेशातून आणलेल्या फोनात २३०० चा बँड ४० आहे का, हेही तपासून घ्यावं. बँडचा आकडा बघायला अँड्रॉइडवर नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप सोपं पडतं. आयफोनवर अ‍ॅपना ही माहिती मिळत नाही, तिथे फील्ड टेस्टच.

५जीच्या चिन्हाने तर भल्याभल्यांची फसगत होते. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं तेव्हा जिओने ते स्वतंत्र पायावर उभं केलं आणि एअरटेलने ४जीच्या आधारावर. आधारावरच्या जोडणीत फोन ४जीच्या टॉवरला बांधलेला असतो आणि ५जी वर जादा मिळतं. कोपऱ्यात ५जी लिहिलेलं असूनही त्या क्षणी सगळा डेटा ४जीवरून येत असू शकतो. उलट जिओकडे ७०० मेगाहर्ट्झवरही ५जी आहे. ते घरात खोलवर पोचतं, पण तो पट्टा अरुंद असल्याने वेग ३५०० च्या मानाने बेताचा. घरात ५जीवर वेग कमी आणि ४जीवर जास्त असं दिसलं की बहुतेक वेळा कारण हेच. तेव्हा तुलना करताना दोन्ही सिम आधी ४जीवर लावून मोजायची, मग दोन्ही ५जीवर. एक ४जीवर आणि एक ५जीवर ठेवून काढलेला निकाल कुचकामी.

घरची मोजणी अशी करावी. वाय-फाय बंद. पाच जागा ठरवा: खिडकीजवळ, दिवाणखान्याच्या मध्यभागी, स्वयंपाकघरात, आतल्या खोलीत, आणि जिथे कामाला बसता तिथे. फोन हातात धरू नका, टेबलावर ठेवा. पंजाने अँटेना झाकली की आकडा सहज ५-६ डीबीने पडतो. ठेवल्यावर अर्धा मिनिट थांबून आरएसआरपी आणि एसएनआर लिहून घ्या. हे सकाळी ७ ला, दुपारी २ ला आणि रात्री साडेनऊला, दोन कामाच्या दिवशी आणि एका रविवारी. ताकदीचा आकडा दिवसभर जवळपास सारखाच राहतो. रात्री पडतो तो वेग. सकाळी ४० एमबीपीएस आणि रात्री ३, आरएसआरपी मात्र दोन्ही वेळा -८८, असं दिसलं तर रेंजचा काही प्रश्न नाही, टॉवरवर गर्दी आहे. त्यावर खिडकीजवळ बसून काही होणार नाही, सिम बदलूनच फरक पडेल. उलट रात्रंदिवस -११२ असेल तर प्रश्न भिंतींचा आहे, आणि तिथे बसायची जागा बदलली तरी भागतं.

वेगाच्या चाचण्या जपून करा. ४० एमबीपीएसला दहा सेकंदांची एक चाचणी ५० एमबी खाते, आणि अपलोडचा डेटा वेगळा. दीड जीबी रोजच्या पॅकवर दहा-बारा चाचण्यांत अर्धा दिवस उडतो. कोटा संपला की बहुतेक पॅकवर वेग ६४ केबीपीएसवर उतरतो, आणि मग ‘रात्री नेट मरतं’ असा चुकीचाच निष्कर्ष निघतो. चाचणी एकाच अ‍ॅपवर, दर वेळी एकाच सर्व्हरवर. प्रत्येक जागी तीन चाचण्या घ्या आणि मधला आकडा धरा. सरासरी काढलीत तर एखादी भरधाव चाचणी सगळं चित्र गोड करून टाकते. दोन सिमांची तुलना शक्यतो एकाच फोनात, सिम आलटून पालटून. दोन वेगळ्या फोनांत अँटेनाचाच फरक इतका असतो की कंपनीचा फरक कुठे आणि फोनचा कुठे हे सांगता येत नाही.

घरात भिंतींचा प्रश्न ठरला तर पहिला उपाय फुकट आहे: वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून कॉल. एअरटेलने ते डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये सुरू केलं. सेटिंग्जमध्ये सिमच्या पानावर त्याचं बटण असतं. ब्रॉडबँड नसेल तर जुना फोन खिडकीच्या कट्ट्यावर चार्जिंगला लावून हॉटस्पॉट करा, २.४ गिगाहर्ट्झवर, ती लहर आतल्या खोलीपर्यंत पोचते. फक्त उन्हात ठेवू नका, फोन तापला की स्वतःहून वेग कमी करतो. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर मात्र लावू नयेत. परवान्याशिवाय ते बसवणं बेकायदेशीर आहे, आणि एका घरातल्या बूस्टरच्या गोंगाटाने अख्ख्या गल्लीचा टॉवर बिघडतो. शेजाऱ्यांच्या नेटचं नुकसान करून आपलं सुधारणं मला पटतही नाही.

घराबाहेर पडलं की हे सगळं मागे पडतं आणि वेगाचा आकडा जवळपास निरुपयोगी होतो. समृद्धीवर १२० च्या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. दहा सेकंदांच्या चाचणीत ३३३ मीटर मागे पडलेले असतात, तेवढ्यात कदाचित टॉवरही बदललेला असतो. वाटेवर मोजायची गोष्ट एकच: नेट नसलेली मिनिटं. कितीदा गेलं, किती वेळ गेलं, कुठल्या दोन ठिकाणांमध्ये गेलं. नकाशा, तिकीट, यूपीआय, घरच्यांना लोकेशन पाठवणं, यांतल्या कशालाच मोठा वेग लागत नाही. व्हिडिओ कॉललाही दोन्ही बाजूंनी एक-दीड एमबीपीएस पुरतो. पण यूपीआयच्या मधोमध चाळीस सेकंद नेट गेलं, तर पैसे गेले की नाही याचा घोर दुकानदारालाही आणि आपल्यालाही.

ही नोंद हाताने होत नाही, अ‍ॅपवर सोपवावी. जी-नेटट्रॅक किंवा नेटमॉन्स्टरसारखं अ‍ॅप लोकेशनसह सिग्नल नोंदवत राहतं. इथे लोक दोन चुका करतात. लोकेशनची परवानगी ‘अ‍ॅप वापरत असतानाच’ अशी दिलेली असते, आणि त्या अ‍ॅपसाठी बॅटरी बचत चालू असते. पडदा बंद झाला की नोंद थांबते, आणि मुक्कामाला पोचल्यावर तीन तासांच्या जागी अकरा मिनिटांची फाइल हाती येते. लोकेशन ‘कायम’ करा, बॅटरीचं बंधन काढा, घराच्या फाटकापाशीच पाच मिनिटं चालवून बघा. फोन डॅशबोर्डवर एकाच जागी असू द्या, खिशात किंवा बॅगेत नको. जीपीएस आणि नेट शोधणं दोन्ही चालू असल्याने बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा चार्जर हवाच. गाडी चालवणाऱ्याने यातल्या कशालाही हात लावू नये. सुरू करून दिलं की मुक्कामावरच उघडावं.

आरएसआरपी -१२० च्या खाली गेलं किंवा ‘सेवा नाही’ आलं ती सगळी मिनिटं मोजा. त्यात एक वेगळा रकाना असा ठेवा: सिग्नल चांगला, तरीही काही उघडत नाही. यातून टॉवरमागची अडचण पकडता येते. टॉवरपर्यंत डेटा फायबरने किंवा मायक्रोवेव्हच्या गोल तबकडीने येतो. फायबर रस्त्याच्या खोदकामात तुटली, की टॉवर जिवंत राहतो, दांड्या भरलेल्या दिसतात, आणि नेट शून्य. पावसाळ्यात लोक म्हणतात पावसाने रेंज गेली. मोबाइलच्या फ्रिक्वेन्सीवर पावसाच्या धारांचा परिणाम नगण्य असतो. मार बसतो तो त्या तबकडीच्या उंच फ्रिक्वेन्सीवर, आणि विजेवर. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास निघतो, मग डिझेल पोचलं तर ठीक. याशिवाय ओली झाडी. माडापोफळींच्या आणि आंब्याच्या दाट वाडीत भिजलेली पानं बऱ्यापैकी सिग्नल शोषतात. त्यामुळे मे महिन्यात केलेली मोजणी ऑगस्टला जशीच्या तशी धरू नये.

घाटात हिशोब सोपा आणि निर्दय आहे. टॉवर दिसतो की डोंगर आड येतो, एवढंच. ताम्हिणी, वरंध, माळशेज यांसारख्या घाटांत मधले टप्पे कोरडे जातात. वस्ती नाही, वीज नेणं अवघड, जागा बहुतेक वनखात्याची. अशा वाटेवर टिकतो तो खालचा बँड, ७०० ते ९०० चा. मोकळ्या जागेतही ९०० ची लहर ३५०० च्या मानाने जवळपास १२ डीबी कमी गमावते, आणि डोंगराच्या कडेवरून थोडी वळते तीही तीच. शहरात वेगाने खूश करणारं ५जी इथे कामाचं नाही. उलट फोन सतत ५जी शोधत बसतो आणि बॅटरी खातो. घाट लागण्याआधी ‘पसंतीचं नेटवर्क’ ४जीवर आणून ठेवावं. एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाच्या सिमला खाली २जी असतं, ‘फक्त ४जी’ केलंत तर तेही हातचं जातं आणि साधा कॉलही लागत नाही. जिओला २जी-३जी नाहीच. तिथे ४जी गेलं की कॉलही गेला. हा फरक घाटात फार जाणवतो आणि कुठल्याही वेगाच्या यादीत दिसत नाही.

रेल्वेचं गणित आणखी वेगळं. वातानुकूलित डब्याचं पोलादी कवच आणि बंद काचा मिळून गाडी स्वतःच एक भिंत होते. त्याच रुळावर स्लीपरच्या उघड्या खिडकीशी चालणारं नेट एसी डब्यात चालेलच असं नाही, म्हणून नोंदीत डब्याचा प्रकार लिहा. वरच्या बर्थपेक्षा खिडकीशी खालच्या बाजूला बरं मिळतं. रेंजसाठी दारात उभं राहू नका, कधीच. आणखी एक कारण गर्दीचं आहे: हजारभर फोन एकाच क्षणी एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारतात, आणि नव्या टॉवरला सगळ्यांची नोंद करताना दम लागतो. स्टेशनजवळ येताना सिग्नल वाढतो तरी दहा-पंधरा सेकंद काही उघडत नाही ते यामुळे. कोकण रेल्वेवर नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. ताशी ८० ने धरलं तरी आत पाच मिनिटं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू धावतात, म्हणून तीच कोरडी मिनिटं वाढतात. बोगद्यात सिग्नल हवा तर आत खास केबल टाकावी लागते, ती नसेल तर कुठलंही सिम सारखंच. बोगद्यातली मिनिटं दोन्ही सिमांच्या हिशोबातून वगळा, तुलना स्वच्छ होते.

बोगद्यातून किंवा घाटातून बाहेर पडल्यावर सिग्नल आला तरी नेट येत नसेल, तर फोन बहुधा दूरच्या, कमकुवत टॉवरला चिकटून बसलाय. विमान मोड दहा सेकंद लावून काढा, फोन नव्याने शोध घेतो. त्यानेही नाही झालं तर डेटा रोमिंग बघा. मुंबई हे वेगळं सर्कल आहे; गोवा मात्र महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये. सर्कल बदललं की काही फोन कोपऱ्यात रोमिंगचं चिन्ह दाखवतात, आणि डेटा रोमिंग बंद असेल तर कॉल लागतात, नेट नाही. देशात त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, ते चालूच ठेवा. दुर्गम भागात याचा आणखी एक फायदा आहे. १७ जानेवारी २०२५ पासून सरकारी निधीतून उभारलेल्या टॉवरांवर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांनाही ४जी मिळण्याची सोय सुरू झाली. अशा टॉवरखाली स्वतःच्या कंपनीचा पत्ता नसतानाही फोन चालू शकतो. काश्मीरला जाणाऱ्यांनी मात्र हे निघण्याआधीच लक्षात घ्यावं: बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिमं तिथे चालत नाहीत, पोस्टपेड चालतात.

गणपतीत कोकणाची गोष्ट तर वेगळीच मोजावी लागते. एरवी दीडशे फोनांचं गाव चाकरमान्यांनी भरतं, आरतीनंतर सगळे एकदम व्हिडिओ पाठवतात, आणि टॉवर तोच असतो. आषाढीला पंढरपुरातही तेच. रेंज पूर्ण, एसएनआर पडलेला, आणि संदेशावर घड्याळाचं चिन्ह. अशा वेळी वरच्या बँडचं, म्हणजे २३०० किंवा ३५०० चं सिम सरस ठरतं, कारण त्याचा पट्टा रुंद. घाटासाठी उत्तम असलेलं सिम गर्दीत मार खातं ते इथे. मोठे फोटो तेव्हा न पाठवता पहाटे पाठवले की एका झटक्यात जातात.

आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. समजा वाटेवर सहा तासांत पहिल्या सिमची कोरडी मिनिटं ५२, दुसऱ्याची ६१ आणि तिसऱ्याची ७०. बहुतेक जण पहिलं आणि दुसरं घेतील. पण पहिल्याची आणि दुसऱ्याची कोरडी ठिकाणं जवळपास तीच असतील, तर दोन्ही मिळून ४६ मिनिटं कोरडी राहतात. पहिलं आणि तिसरं मिळून कदाचित १९ च. दुसरं सिम निवडताना त्याचा स्वतःचा क्रमांक बघायचा नसतो, पहिल्याची भोकं ते कुठे बुजवतं ते बघायचं. अनेकदा एकाच मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असतात. अशा दोन कंपन्यांची सिमं घेतली, तर वीज गेल्यावर दोन्ही एकदमच जातात. कंपन्यांच्या संकेतस्थळावरचे कव्हरेज नकाशे या कामाला जेमतेम पुरतात. ते बहुतांशी गणिताने रंगवलेले आणि घराबाहेरच्या सिग्नलचे असतात. कुठल्या वाटेवर मोजायला जायचं हे ठरवण्यापुरते ते बघावेत.

फोनमध्ये दोन सिमं असतील तर ‘डेटा आपोआप बदला’ हे बटण वाटेवर चालू आणि घरी बंद ठेवा. घरी ते चालू राहिलं तर कमकुवत खोलीत फोन गुपचूप दुसऱ्या सिमचा डेटा संपवतो. एका सिमवर कॉल चालू असताना दुसऱ्याचा डेटा थांबतो, हेही बऱ्याच फोनांत होतं; नकाशा लावून कुणी फोनवर बोलत असेल तर वळण चुकण्याचं ते कारण.

घरचा निकाल वाईट असेल तर लगेच नंबर पोर्ट करू नका. आधी त्या कंपनीचं स्वस्त प्रीपेड सिम घेऊन दोन आठवडे वरची मोजणी करा. पोर्ट करायचं ठरलं की १९०० वर पोर्ट, मग जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस. येणारा कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो, आणि सर्कलमधल्या सर्कलमध्ये काम तीन कामाच्या दिवसांत होतं, सर्कल बदलत असेल तर पाच. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. सिम हरवून नवं घेतलं असेल तर त्यानंतरचे सात दिवस कोड मिळत नाही. आधी तक्रारच करायची असेल तर १९८ वर करा, आणि तक्रार क्रमांकासोबत आपली नोंद सांगा: कुठली जागा, किती वाजता, आरएसआरपी किती, बँड कुठला. ‘नेट चालत नाही’ एवढ्यावर पलीकडून फोन बंद करून चालू करायला सांगतात. आकडे दिले की तक्रार तांत्रिक विभागाकडे जाण्याची शक्यता वाढते.

वाटेची नोंद झाली की कोरड्या टप्प्यांची यादी कागदावर उतरवून गाडीत ठेवा: कुठल्या गावापासून कुठल्या गावापर्यंत, सुमारे किती मिनिटं. त्याआधीच्या शेवटच्या गावात नकाशा ऑफलाइन उतरवायचा, तिकिटाचा फोटो काढायचा, घरी ‘आता पाऊण तास फोन लागणार नाही’ असं कळवायचं, खिशात पाचशे रुपये सुट्ट्या नोटांत ठेवायचे. कोरड्या टप्प्यात अपघात झाला आणि पडद्यावर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ असं दिसत असेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीचा सिग्नल तिथे पोचतोय, आणि ११२ लागू शकतो. आणि वाटेसाठी घेतलेलं दुसरं सिम वर्षभर खणात पडू देऊ नका. ९० दिवस काहीच वापर नसेल आणि शिल्लक २० रुपयांच्या खाली असेल तर ते बंद होऊ शकतं. महिन्यातून एकदा त्यावरून एखादा कॉल करायचा.